मी सरळ केलेला गिटारवाला

रस्त्यात माणूस दिसला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. मी छातीकडे बघतो. बायकोने यावरून मला आयुष्यभर धारेवर धरलं. "एक दिवस मार खाशील कुठेतरी," ती म्हणायची, "आणि मी सोडवायला येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." तिचं चुकत नव्हतं. पण ज्याने चौतीस वर्षं टी-शर्ट छापले, त्याला माणूस आधी छापावरून कळतो, चेहऱ्यावरून मागाहून. शाई कुठे तडकली आहे, कडा कुठे फाकली आहे, कुणी घाईघाईत कच्चाच माल गळ्यात मारला आहे, हे मला चालता चालता दिसतं. मधूनच एखादा धुऊन धुऊन विरलेला, पण छाप जशीच्या तशी असलेला टी-शर्ट समोरून येतो. मी मनात म्हणतो, हा आपला. मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो, तर तो माझ्याकडे संशयाने बघत असतो.

आमचा गाळा मुलुंडला होता आणि मी राहायला भांडुपला. गाळ्यात माणसं दोनच, मी आणि मंदाताई. मंदाताई आमच्याच बाजूच्या, कोकणातल्या. छापलेला माल शाई पक्की करायच्या भट्टीतून बाहेर आला की तो तपासायचा, घडी घालायची, गठ्ठे बांधायचे, हे त्यांचं काम. तपासायच्या कशा, तर सासूने नव्या सुनेची भाकरी तपासावी तशा. त्या मला 'परबकाका' म्हणायच्या. वयाने माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण काका म्हटलं की माणसाला चार शब्द सुनावता येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता हे छापणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यात आहे. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं बारीक विणीचं कापड, त्याला आम्ही स्क्रीन म्हणतो. त्यावर उजेडाने घट्ट होणारं औषध फासायचं. चित्र असतं पारदर्शक फिल्मवर, काळ्या रंगात. ती फिल्म स्क्रीनला चिकटवायची आणि कडक दिवा लावायचा. चित्र काळं आहे तिथे उजेड पोचत नाही, तिथलं औषध कच्चं राहतं आणि पाणी मारलं की वाहून जातं. म्हणजे चित्राच्या आकाराएवढी जाळी मोकळी झाली. मग स्क्रीन टी-शर्टावर टेकवायचा, शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने खसकन ओढायची. शाई मोकळ्या जाळीतून खाली उतरते. झालं.

यात मेख एकच. फिल्म आरपार असते, तिला दोन्ही बाजू सारख्याच. उलटी लागली तर चित्र आरशातल्यासारखं उमटतं. अक्षरं असली की लगेच कळतं, कारण उलटी अक्षरं गाढवालाही दिसतात. पण नुसतं चित्र असलं तर कळायला मार्ग नाही. म्हणून फिल्म काढणारा माणूस कोपऱ्यात एक बारीकसं अक्षर टाकून देतो. ते अक्षर सरळ वाचता आलं की फिल्म बरोबर लागली. एवढा साधा नियम. बाकी सगळं डोक्याचं काम, आणि मला माझ्या डोक्याचा फार अभिमान होता.

तर आता तो बँड. नाव लिहीत नाही. आयुष्यात त्यांचं नाव परवानगीशिवाय इतक्या वेळा छापलंय की आता म्हातारपणी न छापलेलंच बरं. चौघे जण, परदेशातले, लांब केसांचे, आणि त्यांची खूण म्हणजे एक डोळा मिटलेलं घुबड. ते घुबड माझ्याकडे पहिल्यांदा आणलं कांदिवलीच्या कॉलेजातल्या पोरांनी. कॅसेटच्या वेष्टनावरचं एवढंसं चित्र, ते मोठं करून काळ्या टी-शर्टावर पांढऱ्या शाईत हवं होतं. मी म्हटलं, "घुबड? अरे, अपशकुनी पक्षी छातीवर घेऊन फिरणार तुम्ही?" त्यातला एक म्हणाला, "काका, तुम्ही छापा ना. झकास दिसतं."

मी छापलं. त्यानंतर वीसेक वर्षं त्या घुबडाने माझा पिच्छा सोडला नाही. कॉलेजं झाली, क्रिकेटच्या टीम झाल्या. भांडुपच्या एका गोविंदा पथकाने घुबडाच्या चोचीत हंडी दिली. बोरिवलीच्या एका केशकर्तनालयवाल्याने कारागिरांसाठी टी-शर्ट नेले, कारण पोरं येऊन खुर्चीत बसायची आणि म्हणायची, 'त्या बँडसारखे केस ठेवा', म्हणजे कापूच नका. त्याचा धंदा बसायची वेळ आली होती, पण टी-शर्ट त्याने नेलेच. घाटकोपरचे एक धान्याचे व्यापारी तर दिवाळीत कामगारांना वाटायला पन्नास नग घेऊन गेले. त्यांना वाटलं लक्ष्मीचं वाहन आहे. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण मंदाताईंनी डोळे वटारले. पुढच्या दिवाळीत ते पुन्हा आले, म्हणाले, वर्ष फार चांगलं गेलं.

या सगळ्या माणसांपैकी किती जणांनी त्या बँडचं एक तरी गाणं ऐकलं असेल, देव जाणे. ऐकणारे थोडे आणि अंगावर घालणारे फार. मी नावं ठेवत नाही, कारण न ऐकणाऱ्यांत पहिला नंबर माझा. ज्याच्या जिवावर माझ्या दोन्ही पोरांची शिक्षणं झाली, तो बँड वाजवतो काय, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. आणि ती चोरी होती हेही आज सरळ सांगतो. तेव्हा सगळेच करत होते, हे काही उत्तर नव्हे.

गाळा बंद केला त्या वर्षी मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. करंदीकर म्हणून, पन्नाशीचे गृहस्थ, ऑफिसातून थेट आलेले. त्या बँडने, म्हणजे आता म्हाताऱ्या झालेल्या त्या चौघांनी, वाजवणं थांबवायचं जाहीर केलं होतं. म्हणून सोसायटीच्या गणेशोत्सवात एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला होता. कमिटीतले सगळे करंदीकरांच्याच वयाचे.

"कॉलेजात असताना माझ्याकडे घुबडवाला टी-शर्ट होता," करंदीकर म्हणाले.

"पांढरी शाई, आणि घुबडाच्या पंखांना सात पिसं?" मी विचारलं.

"हो."

"मग तो मीच छापला. बँडच्या खऱ्या घुबडाला आठ आहेत. एक माझ्याकडून गळालं."

ते हसले आणि ऑर्डर पक्की झाली. एकशेवीस नग. पण या वेळी घुबड नको होतं. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने, सानिकाने, चित्र तयार केलं होतं. बँडचा गिटारवाला उभा, नुसती काळी आकृती, मागे काही नाही, अक्षर एकही नाही. फिल्मही त्यांनीच काढून आणली होती.

दोन दिवसांनी मी ती फिल्म उजेडापुढे धरली, तर गिटारची दांडी डावीकडे. इतकी वर्षं गिटारवाले छापले, सगळ्यांची दांडी बघणाऱ्याच्या उजवीकडे. म्हटलं, फिल्मवाल्याने कॉम्प्युटरवर चित्रच उलटं केलंय. कोपऱ्यातलं अक्षर मात्र सरळ वाचता येत होतं.

मंदाताई मागून बघत होत्या. "काका, अक्षर तर बरोबर हा. इचारा एकदा. इचारल्यान काय बिघडता?"

"त्यात काय विचारायचं? डोळे आहेत ना मला. उलट्या हाताने कोण वाजवतं का गिटार?"

"मी खय बघूक गेलंय," त्या म्हणाल्या आणि घड्या घालायला गेल्या.

मी फिल्म फिरवली, उलटी लावली आणि गिटारवाला सरळ केला. एकशेवीस टी-शर्ट. छाप इतकी सुरेख आली की एक मी स्वतःसाठी काढून ठेवणार होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे माझी आई मला लहानपणापासून सांगत आली होती.

माल गेला त्याच संध्याकाळी करंदीकरांचा फोन आला. आवाज ओशाळलेला. "परबसाहेब, चित्र उलटं छापलं गेलंय बहुतेक."

इथे मला खरं म्हणजे थांबून विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "उलटं तुमच्या फिल्ममध्ये होतं. मी सरळ करून दिलं. चौतीस वर्षं छापतोय साहेब, माझ्या हातून अशी चूक होत नाही." ते बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, मिटलं. उलट, आपली बाजू राखल्याबद्दल माझी मला शाबासकी द्यावीशी वाटली.

शनिवारी दुपारी करंदीकर मुलीला घेऊन गाळ्यात आले. सानिका म्हणजे दोन वेण्या, शाळेचा गणवेश, हातात माझाच टी-शर्ट गुंडाळलेला. वडील दाराशीच उभे राहिले. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"काका, तो डावखुरा आहे," ती म्हणाली.

"कोण गं?"

"गिटारिस्ट. डाव्या हाताने वाजवतो. म्हणून तर मी त्याचं चित्र काढलं. तुम्ही त्याला उजवा करून टाकलात."

तिने मोबाइल पुढे केला. त्यात तो माणूस वाजवत होता, आणि खरंच, तारा छेडणारा हात डावा होता. पण मी इतक्यात हार मानणारा नव्हतो. म्हटलं, "मोबाइलात काय, उलटंही दिसतं. आपला फोटो आपणच काढला की घड्याळ दुसऱ्याच हातात दिसतं."

"माझे आजोबा, अण्णाही हेच म्हणतात," ती म्हणाली. "पण मागे ड्रमवर बघा ना. नाव लिहिलंय. अक्षरं सरळ आहेत की उलटी?"

अक्षरं सरळ होती. माझाच नियम एका तेरा वर्षांच्या पोरीने माझ्याच टेबलावर मला वाचून दाखवला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मागे मंदाताईंच्या घड्या घालायचा आवाज थांबला होता.

मग सगळं कळलं. अण्णा निवृत्त शिक्षक. सानिका डावखुरी. गिटार शिकते, आणि डाव्या हाताने वाजवायचं तर तारा उलट्या क्रमाने लावून घ्याव्या लागतात. क्लासच्या सरांची हरकत नव्हती. हरकत अण्णांची. गणपतीसमोर नात डाव्या हाताने काही करणार, हे त्यांना पटेना. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, जग उजव्या हाताचं आहे, आत्ता वळण लावलं नाही तर पोरीला जन्मभर अडेल. करंदीकरांनी मधला मार्ग काढला होता, म्हणजे सगळं अण्णांवर ढकललं होतं. अण्णा हो म्हणाले तर डाव्या हाताने कार्यक्रमात वाजव, नाहीतर उजव्याने शीक, नाहीतर गिटार बंद.

"मी अण्णांना म्हटलं, जगातला एवढा मोठा माणूस डाव्या हाताने वाजवतो," सानिका सांगत होती. "ते म्हणाले, दाखव. त्यांना मोतीबिंदू आहे, मोबाइलवरचं दिसत नाही. म्हणून मी ठरवलं, टी-शर्टवर मोठा छापायचा. एकशेवीस लोकांच्या अंगावर बघितलं की पटेल." तिने टी-शर्ट उलगडला. "तर अण्णांनी हा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, हा बघ, उजव्याच हाताने वाजवतोय. शहाणा माणूस आहे."

"मी सांगितलं त्यांना, छापणाऱ्याची चूक आहे म्हणून," करंदीकर दारातून म्हणाले. "तर म्हणाले, मग छापणारा काय म्हणतो? आणि तुम्ही फोनवर म्हणालात की..."

मी काय म्हणालो होतो, ते मला आठवत होतं.

सानिकाने टी-शर्ट टेबलावर ठेवला. "अण्णा म्हणतात, चौतीस वर्षं काम केलेला माणूस खोटं बोलतो का? आणि पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. म्हणजे आठ दिवस. काका, माझा उजवा हात नाही चालत हो. मी खूप प्रयत्न केला." तिने डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांची कातडी जाड होऊन सोलली होती. मग उजवा दाखवला, तोही तसाच. दोन्ही हातांनी करून बघितलं होतं पोरीने.

जाताना तिने मला इयरफोन दिला. "ऐका तरी. तुम्ही ऐकलंय का कधी?" मी तिथे स्टुलावर बसून ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. आधी नुसता गोंगाट वाटला. मग त्यात एक तार एकटीच वर निघाली, सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, आणि कुणाची पर्वा न करता तिथेच थांबली. ती त्या डाव्या हाताची होती. मला ते आवडलं. इतकी वर्षं मी त्याच्या जिवावर जेवलो आणि आज त्याची ओळख होत होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती मुद्दाम मागे ठेवली होती. मी स्वतः डावरा होतो.

लहानपणी मी सगळं डाव्या हाताने करायचो. शाळेत पाटीवर डाव्याने लिहिलं की गुरुजी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. घरी आई जेवताना माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीने पाटाला बांधून ठेवायची. ती दुष्ट नव्हती. बांधताना रडायची, पण बांधायची. तीन-चार महिन्यांत मी उजव्याने लिहायला लागलो. अक्षर वाईट, पण उजवं. सगळे म्हणाले, पोरगं सुधारलं. मीही तेच म्हणत राहिलो. आजही चहा मी डाव्या हाताने ढवळतो, हे मंदाताईंनी एकदा दाखवलं होतं. मी म्हटलं, "तुमका काय कामधंदो नाय?" आणि चमचा या हातातून त्या हातात घेतला.

ती फिल्म उजेडापुढे धरली तेव्हा मला खटकलं ते एवढंच. डावं दिसलं आणि हात आपोआप त्याला सरळ करायला गेला. मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही, कारण मलाही कुणी विचारलं नव्हतं. हे त्या दुपारी गाळ्यात बसून कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मंदाताईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या.

"आता काय करूचा?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"पुन्हा छापायचे. सगळे."

"उद्या आयतवार."

"तुम्ही नका येऊ. मी करीन."

"गप रवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटे छापलास तर परत कायतरी सरळ करून ठेवशात."

रविवारी आम्ही दोघांनी एकशेवीस नग पुन्हा छापले. या वेळी फिल्म त्यांनी लावली. कोपऱ्यातलं अक्षर मोठ्याने वाचलं, मलाही वाचायला लावलं, तेव्हा कुठे दिवा लागला.

सोमवारी मी नवा टी-शर्ट घेऊन करंदीकरांच्या घरी गेलो. अण्णा खुर्चीत ताठ बसलेले. पांढरा लेंगा, सदरा, डोळ्यांवर जाड काचा. सानिका आतल्या दारात उभी होती, करंदीकर सोफ्याच्या कडेवर. मी दोन्ही टी-शर्ट अण्णांसमोर टीपॉयवर पसरले.

"हा बरोबर आहे आणि हा चुकीचा," मी म्हटलं. "चूक माझी. फिल्म बरोबर होती. फोनवर तुमच्या मुलाला मी जे बोललो, ते शहानिशा न करता बोललो. तो माणूस डावखुराच आहे."

अण्णांनी दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन बघितले. "चूक होते माणसाकडून," ते म्हणाले. "कबूल केलीत, चांगलं केलंत. पण तो परदेशातला. त्यांचं त्यांच्यापाशी. इथे देवासमोर डावा हात कसा चालेल? आणि परबसाहेब, मी छत्तीस वर्षं शिकवलं. माझ्या वर्गात डावखुरी मुलं आली, त्यांना मी उजव्याचं वळण लावलं. सगळी मार्गाला लागली. एकाचंही वाईट झालं नाही."

मी काय बोलणार होतो, ते घरून ठरवून निघालो होतो. तिथे गेल्यावर सगळं विसरलो. म्हटलं, "अण्णा, मी त्यांतलाच एक आहे. तुमच्या वर्गातला नव्हे, पण तसल्याच वर्गातला. आणि वाईट काही झालं नाही, खरं आहे. धंदा केला, घर केलं, पोरं शिकवली. फक्त डावा दिसला की तो चुकीचाच असणार, असं मी समजत राहिलो. स्वतःच्या हातालासुद्धा."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढून माझ्यासमोर धरलं. टीपॉयवर वर्तमानपत्र होतं, त्याच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. "नाव लिहा तुमचं. त्या हाताने."

अठ्ठावन्न वर्षांनी मी डाव्या हातात पेन धरलं. 'परब' एवढंच लिहिलं, तरी मिनिटभर वेळ लागला असेल. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं, गोल, मोठं, थोडं मागे झुकलेलं.

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. "वळण चांगलं होतं," ते म्हणाले. भूतकाळातच बोलले. मग कागदाकडे बघतच म्हणाले, "एक भोईर नावाची मुलगी होती. एक गणेश. तिसरा... त्याचा हात मी रुमालाने बाकाला बांधायचो. नाव आठवत नाही त्याचं. आठवायला हवं होतं."

हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मला चहा दिला, मी डाव्याने ढवळला आणि निघालो. जिन्यात सानिका धावत आली. "काय म्हणतील ते?" मी म्हटलं, "माहीत नाही गं. माझ्याने झालं तेवढं केलं." आठवडाभर गाळ्यात फोन वाजला की मंदाताई आणि मी एकमेकांकडे बघायचो. फोन दुसऱ्याच कुणाचा असायचा.

रविवारी संध्याकाळी मी मंदाताईंना घेऊन त्या सोसायटीत गेलो. मंडपात गणपतीसमोर छोटं व्यासपीठ, आणि सगळीकडे माझे टी-शर्ट. तरुण पोरं, पोट सुटलेले बाप, कुंकू लावलेल्या काकू, सगळ्यांच्या छातीवर तो डावखुरा. छपाई फार छान उतरली होती, पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच छातींकडे बघत नव्हतो. मी अण्णांना शोधत होतो. ते पहिल्या रांगेत बसले होते. लेंग्यावर माझा टी-शर्ट, आत सदरा तसाच.

सानिकाचं नाव पुकारलं. ती गिटार घेऊन आली आणि स्टुलावर बसली. दांडी आमच्या डावीकडे होती. मंदाताईंनी माझा हात दाबला.

पहिल्यांदा ती चुकली. थांबली, सगळ्यांकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेच गाणं होतं, मी स्टुलावर बसून ऐकलेलं. ती एकटी वर जाणारी तार आली तेव्हा मागच्या रांगांतले पन्नाशीचे बाप्ये उभे राहून गायला लागले. शब्द अर्धे चुकीचे, सूर त्याहून. अण्णा हलले नाहीत. त्यांना धड दिसतही नसणार. ते डोळे मिटून बसले होते.

मग आरती झाली. अण्णा सोसायटीतले सर्वांत वडीलधारे, म्हणून प्रसादाचे पेढे तेच वाटत होते. रांग लागली. आमच्या पुढे सानिका होती. तिने उजवा हात पुढे केला, सगळी मुलं करतात तसा.

"तो नको," अण्णा म्हणाले. "ज्याने वाजवलंस तो दे."

ती गोंधळली. वडिलांकडे बघितलं, मग हळूच डावा पुढे केला. अण्णांनी सोललेल्या बोटांवर पेढा ठेवला आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली.

पुढे माझा नंबर. माझा उजवा हात पुढे गेला. तो नेहमीच जातो. अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही कोण जाणे, पण तो हात त्यांनी हलकेच बाजूला केला आणि पेढा हातात धरून थांबून राहिले. माझ्यामागे रांग खोळंबली. मंदाताई म्हणाल्या, "काका, लोक उभी हत."

मी डावा पुढे केला. त्याला सवय नव्हती, पण पेढा काही खाली पडला नाही.